सूर्याचा फोटो काढायचा, तर आधी प्रकाश टाकून द्या

रात्रीच्या आकाशाचे फोटो काढणारा माणूस प्रकाशाचा भुकेला असतो. एखाद्या फिकट दीर्घिकेचा उजेड गोळा करण्यासाठी तो तासन्‌तास कॅमेरा उघडा ठेवतो, मोठ्यात मोठा आरसा मिळावा म्हणून धडपडतो. सूर्याच्या बाबतीत सगळं उलट आहे. इथे आलेला जवळजवळ सगळा प्रकाश टाकून द्यावा लागतो. आणि कोणता टाकायचा, कोणता ठेवायचा, यावरच कोणता सूर्य दिसणार हे ठरतं. एकाच सकाळी फक्त फिल्टर बदलून काढलेले तीन फोटो शेजारी ठेवले, तर नवख्या माणसाला ते तीन वेगवेगळे तारे वाटतात. मला या छंदाची ओढ लागली ती यामुळेच.

पण आधी डोळ्यांचं बोलू, कारण इथे एकदाच चूक होते.

भिंगाने कागद जाळणं लहानपणी बहुतेकांनी केलेलं असतं. दुर्बीण म्हणजे तेच भिंग, पण कितीतरी मोठं. लख्ख उजेडात आपली बाहुली आकसून साधारण २ मिलिमीटरची होते. १०० मिलिमीटर व्यासाची दुर्बीण तिच्या २५०० पट प्रकाश गोळा करते. हा प्रकाश दृष्टिपटलावर पडला तर क्षणात कायमची इजा होते, आणि दृष्टिपटलाला वेदना कळत नसल्यामुळे ती होताना जाणवतही नाही. म्हणून साधा सौर फिल्टर नेहमी दुर्बिणीच्या तोंडाशी लावायचा, म्हणजे ऊन आत शिरण्याआधीच अडतं. जुन्या स्वस्त दुर्बिणींसोबत डोळ्याकडच्या भिंगात फिरवून बसवायची एक छोटी काळी काच यायची. ती नेमकी जिथे ऊन एकवटतं तिथेच बसते, तापते आणि बघता बघता तडकते. तशी काच सापडली तर कोणाला देऊ नका, फोडून टाका. काजळी धरलेली काच किंवा एक्स-रेची फिल्म डोळ्याला अंधारी वाटते, पण अवरक्त किरण तिच्यातून येतच राहतात. ग्रहणाचा चष्मा नुसत्या डोळ्यांसाठी असतो. तो घालून दुर्बिणीला डोळा लावला, तर एकवटलेलं ऊन त्याला भोक पाडतं.

दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. दुर्बिणीच्या अंगावरच्या लहान शोधक दुर्बिणीलाही झाकण हवं, नाहीतर ती काढूनच ठेवावी. आणि तोंडाशी लावलेला फिल्टर वाऱ्याने उडू नये म्हणून चिकटपट्टीने पक्का करावा. दर वेळी लावण्याआधी तो उजेडासमोर धरून सुईच्या टोकाएवढं तरी छिद्र पडलंय का ते पाहावं. मग सूर्य सापडवायचा कसा? जमिनीवर पडलेली दुर्बिणीची सावली बघायची. सावली आखडत आखडत नळीच्या गोल तोंडाएवढी झाली, की दुर्बीण सूर्याकडे वळलेली असते.

पहिला सूर्य पांढऱ्या प्रकाशातला. इथे फिल्टर रंगांची निवड करत नाही, सगळेच सारख्या प्रमाणात कमी करतो. डोळ्यांसाठी सुरक्षित फिल्म लाखातला एक भाग पुढे जाऊ देते. फक्त फोटोसाठी आणखी पातळ लेपाची एक फिल्म मिळते, तिच्यातून सहा हजारातला एक भाग जातो. कॅमेऱ्याला त्यामुळे खूप लहान एक्स्पोजर वापरता येतं, पण तिच्यातून डोळ्याने बघायचं नाही. दोन्ही फिल्म घरात असतील तर त्यांच्यावर ठळक चिठ्ठ्या लावून ठेवा. फिल्म चुरगळलेली दिसते म्हणून बरेच जण ती डफासारखी ताणून बसवतात. तसं करू नका. ताणामुळे प्रतिमा बिघडते, सैल सुरकुत्यांनी बिघडत नाही.

या प्रकाशात आपण दीप्तिगोल बघतो, म्हणजे ज्याला ढोबळमानाने सूर्याचा पृष्ठभाग म्हणतात तो थर. त्याचं तापमान सुमारे ५५०० अंश सेल्सिअस. त्यावरचे सौर डाग म्हणजे जोरदार चुंबकीय क्षेत्रामुळे खालून येणारी उष्णता अडलेल्या जागा. त्यांचा गडद गाभा साधारण ३५०० ते ४००० अंशांचा असतो. म्हणजे डाग मुळात काळा नाहीच. शेजारच्या झगमगाटामुळे तो तसा वाटतो. गाभ्याभोवतीची फिकट झालर, तिच्यातल्या बारीक दोऱ्यांसारख्या रेषा, कडेकडे मंदावत जाणारी सूर्याची तबकडी, हे सगळं साध्या फिल्मने टिपता येतं. जरा मोठी दुर्बीण आणि शांत हवा असेल तर तांदळाचे दाणे पसरल्यासारखा पोतही दिसतो. यातला प्रत्येक दाणा सुमारे १००० किलोमीटर रुंद असतो. खालून तापलेला वायू वर येतो, थंडावतो आणि कडेने खाली जातो. आठ-दहा मिनिटांत एक दाणा विरतो आणि नवा उगवतो. इतक्या अंतरावरून तो जेमतेम दीड विकलेचा दिसतो (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). १०० मिलिमीटरच्या दुर्बिणीची बारकावे वेगळे करण्याची मर्यादाही त्याच्या आसपासच आहे, म्हणून त्याहून लहान दुर्बिणीला हे दाणे सहसा सापडत नाहीत.

पांढऱ्या प्रकाशात याहून वरचढ साधन म्हणजे हर्शेल वेज. हा एक काचेचा पाचर असतो आणि तो दुर्बिणीच्या मागच्या टोकाला बसतो. पुढच्या पृष्ठभागावरून सुमारे ५ टक्के प्रकाश परावर्तित होऊन डोळ्याकडे किंवा कॅमेऱ्याकडे वळतो. उरलेला ९५ टक्के काचेतून पार होऊन मागच्या उष्णतारोधक डब्यात जिरतो. पाच टक्केही फार असतात, त्यामुळे पुढे आणखी एक गडद फिल्टर लागतोच. प्रतिमा मात्र फिल्मपेक्षा रेखीव येते. हे साधन फक्त भिंगाच्या दुर्बिणीत वापरायचं. आरशाच्या दुर्बिणीत पूर्ण तीव्रतेचं ऊन आतल्या छोट्या आरशावर एकवटतं आणि दुर्बिणीचंच नुकसान होतं.

आता दुसरा सूर्य. त्याची गोष्ट १८६८ सालापासून सुरू होते.

१८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण होतं. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन त्यासाठी गुंटूरला आले होते. चंद्राने सूर्य झाकल्यावर कडेला तांबूस ज्वालांच्या कमानी दिसतात. त्यांना प्रॉमिनन्स म्हणतात. जान्सेन यांनी प्रकाशाचे रंग वेगवेगळे करून दाखवणाऱ्या वर्णपटमापकातून त्या पाहिल्या तेव्हा त्यांचा प्रकाश मोजक्या, अत्यंत तेजस्वी रेषांमध्ये गोळा झालेला दिसला. रेषा एवढ्या ठळक होत्या की ग्रहणाशिवायही त्या दिसतील असं त्यांच्या मनाने घेतलं. दुसऱ्या दिवशी लख्ख उन्हात त्यांनी त्या पाहिल्याही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनाही स्वतंत्रपणे हेच जमलं.

यामागचा तर्क समजला की पुढचं सगळं सोपं होतं. सूर्याच्या कडेला प्रॉमिनन्स रोजच असतात, पण आकाशाच्या झगमगाटात बुडून जातात. आकाशाचा हा उजेड सगळ्या रंगांत सारखा पसरलेला असतो, तर प्रॉमिनन्सचा प्रकाश दोन-चार रंगांतच एकवटलेला असतो. मग नेमका तेवढाच रंग ठेवला आणि बाकी सगळं फेकलं, तर झगमगाट जातो आणि ज्वाला उरते.

यातला सर्वांत उपयोगी रंग हायड्रोजनचा गडद लाल. त्याला हायड्रोजन-अल्फा म्हणतात, तरंगलांबी ६५६३ अँगस्ट्रॉम. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग. दीप्तिगोलाच्या वर वर्णगोल नावाचा पातळ थर आहे. बाकीच्या रंगांना तो जवळजवळ पारदर्शक असतो, पण या एका रंगात त्यातला हायड्रोजन खालचा प्रकाश अडवतो आणि आपली नजर त्याच्यावरच थांबते. म्हणून या रंगातला फोटो म्हणजे एक मजला वरचा फोटो. डागांभोवती लोखंडाच्या किसाने चुंबकाभोवती काढावेत तसे वळणदार तंतू, तेजस्वी पट्टे, कडेला गवतासारखी दाट बारीक पाती, आणि तबकडीवर लांबलचक काळे साप. हे साप म्हणजेच प्रॉमिनन्स. कडेला काळ्या आकाशासमोर असताना ते उजळ दिसतात, तबकडीसमोर आले की काळे. वस्तू एकच, पार्श्वभूमी वेगळी.

अडचण आहे ती रंगांच्या पट्ट्यातला हा काप किती पातळ हवा यात. शेजारच्या रंगांचा थोडा जरी प्रकाश आत शिरला तरी दीप्तिगोलाच्या लोंढ्यात हे सगळं वाहून जातं. चांगल्या फिल्टरचा काप साधारण ०.७ अँगस्ट्रॉम रुंद असतो. दृश्य प्रकाशाचा जांभळ्यापासून लाल रंगापर्यंतचा पट्टा ३०० मीटर लांब अंथरला, तर त्यातली फक्त ७ सेंटिमीटरची पट्टी ठेवायची आणि बाकी सगळा पट्टा गुंडाळून बाजूला सारायचा. इथे एक गल्लत आवर्जून सांगायला हवी. तेजोमेघांच्या फोटोसाठीही हायड्रोजन-अल्फा नावाचे फिल्टर मिळतात. त्यांचा काप ३० ते ७० अँगस्ट्रॉमचा असतो. सूर्यासाठी ते निरुपयोगी तर आहेतच, वर धोकादायकही आहेत. नावं सारखी असली तरी या दोन वस्तूंचा काहीच संबंध नाही.

एवढा पातळ काप साधी रंगीत काच देऊ शकत नाही. त्यासाठी एटालॉन लागतो. फाब्री आणि पेरो या दोन फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही रचना केली. दोन अत्यंत सपाट काचा, आतल्या बाजूंनी अर्धवट आरसा केलेल्या, एकमेकींपासून साधारण ०.२ मिलिमीटरवर समांतर ठेवलेल्या. प्रकाश या फटीत अडकून मागे-पुढे उसळ्या मारतो. ज्या तरंगलांबीच्या अर्ध्या लाटा फटीत पूर्ण संख्येने बसतात, तिच्या लाटा एकमेकींना बळ देत पलीकडे जातात. जिचं माप बसत नाही, तिच्या लाटा एकमेकींना पुसून टाकतात. झोपाळ्याला योग्य वेळी झोका दिला तर तो चढत जातो आणि अवेळी दिला तर थांबतो, तसंच हे.

पण माप एकाच तरंगलांबीचं बसत नाही. एटालॉनमधून फणीच्या दातांसारखे ओळीने काप बाहेर पडतात, दर १० अँगस्ट्रॉमवर एक. त्यातला आपला दात ठेवून बाकीचे मोडायचं काम मागचा ब्लॉकिंग फिल्टर करतो. शिवाय नको असलेली उष्णता आधीच अडवणारा एक फिल्टर असतो. हे सगळं मिळून एक साखळी होते आणि तिची प्रत्येक कडी आपल्या जागी असेल तरच ती सुरक्षित असते. सौर दुर्बिणीचा एखादा भाग काढून दुसरीकडे लावायचा प्रयोग त्यातली माहिती असल्याशिवाय कोणी करू नये.

एटालॉनला सूर लावावा लागतो. काचा किंचित तिरप्या करून, फटीतल्या हवेचा दाब बदलून किंवा अभ्रकाचा एटालॉन असेल तर तो तापवून काप हवा तिथे सरकवता येतो. मला विचाराल तर या छंदातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे, कारण सूर बदलला की वेग दिसू लागतो. आपल्याकडे येणाऱ्या वायूचा प्रकाश डॉप्लर परिणामामुळे निळ्या बाजूला सरकतो, दूर जाणाऱ्याचा लाल बाजूला. सेकंदाला सुमारे ४६ किलोमीटर वेग असेल तर हायड्रोजन-अल्फा रेषा १ अँगस्ट्रॉम सरकते, म्हणजे आपल्या कापाच्या पार बाहेर. तबकडीवरचा एखादा काळा साप बघता बघता नाहीसा होतो. तो विरला असं वाटतं. एटालॉन थोडा निळ्या बाजूला सरकवला की तोच साप पुन्हा समोर येतो. तो विरलेला नसतो, पृष्ठभाग सोडून आपल्या दिशेने झेपावलेला असतो. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ सूर लावायची चकती मागे-पुढे फिरवत बसलो होतो.

सुरुवातीला ४० ते ६० मिलिमीटरची एक एटालॉन असलेली दुर्बीण पुरते. दोन एटालॉन एकामागे एक लावले तर काप ०.५ अँगस्ट्रॉमच्या आसपास येतो आणि तबकडीवरचे तंतू उठून दिसतात, पण प्रतिमा अंधारते आणि खर्च फार वाढतो. ते पुढचं पाऊल.

तिसरा सूर्य जांभळ्या टोकाचा. आयनित, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या, कॅल्शियमची के रेषा, ३९३४ अँगस्ट्रॉम. ती मुळात रुंद असल्यामुळे दोन-एक अँगस्ट्रॉमचा फिल्टरही चालतो. चुंबकीय क्षेत्र जिथे दाटलेलं असतं तिथे ती उजळते, म्हणून डाग उगवण्याआधीच्या किंवा मावळल्यानंतरच्या जागाही यात दिसतात. डोळ्याला मात्र हा रंग फारसा दिसत नाही. वयानुसार डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, तसतसा तर आणखीच कमी. कॅल्शियमचा सूर्य हा कॅमेऱ्याचा सूर्य आहे.

कॅमेऱ्याकडे वळू. सूर्याचा पहिला ज्ञात यशस्वी फोटो २ एप्रिल १८४५ ला फ्रान्समध्ये फिझो आणि फुको यांनी चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर काढला. एक्स्पोजर होतं सेकंदाचा साठावा भाग, आणि त्यात डाग दिसतात. आज आपण एक फोटो काढतच नाही, व्हिडिओ घेतो. त्याचं कारण हवा. दुर्बिणीपुढची हवा उन्हाने तापून उकळत असते आणि प्रतिमा नदीच्या तळाच्या खड्यासारखी थरथरते. पण त्या थरथरण्यात मधूनच एखादा क्षण स्थिर येतो. सेकंदाला शंभरावर चौकटी, प्रत्येकीचं एक्स्पोजर काही मिलिसेकंद, अशा हजार-दोन हजार चौकटी घेतल्या की त्यात शंभर-दोनशे तरी चांगल्या निघतात. ऑटोस्टॅकर्टसारखं सॉफ्टवेअर त्या निवडून एकमेकींवर बसवतं आणि त्यातला बारीक गोंगाट, म्हणजे चित्रातली नकोशी दाणेदार खरखर, सरासरीत पुसला जातो. चित्रीकरण मात्र अर्ध्या मिनिटात संपवावं. हायड्रोजन-अल्फातले बारीक तंतू तेवढ्यातही हलतात, आणि लांब व्हिडिओत ते एकमेकांवर फासले जातात.

कॅमेरा कृष्णधवलच घ्या. रंगीत कॅमेऱ्यात चारातला एकच पिक्सेल लाल रंगासाठी असतो, आणि इथे लाल सोडून काहीच येत नाही. सूर्याची प्रतिमा केवढी पडेल याचा हिशोब सोपा आहे. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला १०९ ने भागायचं. १००० मिलिमीटरला साधारण ९ मिलिमीटरचा सूर्य, म्हणजे सेन्सरची लहान बाजू ७ मिलिमीटर असेल तर पूर्ण तबकडी मावणार नाही आणि तुकडे जोडावे लागतील. दुसरा हिशोब एफ-गुणोत्तराचा, म्हणजे नाभीय अंतर भागिले दुर्बिणीचा व्यास. हायड्रोजन-अल्फात ते पिक्सेलच्या मायक्रॉनमधल्या मापाच्या तिप्पट असलेलं बरं. त्याहून फार वाढवलं तर नवा तपशील मिळत नाही, प्रतिमा फक्त मोठी आणि अंधारी होते.

पहिल्याच दिवशी फोटोवर झेब्र्यासारखे आडवे-तिडवे पट्टे दिसले तर घाबरू नका. एकाच रंगाचा प्रकाश सेन्सरच्या काचेत परावर्तित होऊन स्वतःशीच भिडतो, त्यातून ते उमटतात. कॅमेरा किंचित तिरपा करणारी चकती मधे बसवली की ते जातात. धुळीचे डाग घालवायला दुधाळ प्लास्टिकची पिशवी दुर्बिणीच्या तोंडावर, फिल्टर जागेवर ठेवून, धरायची आणि एकसारख्या उजेडाची चौकट टिपायची. तिने मूळ फोटोला भागलं की धूळ निघून जाते. प्रॉमिनन्स तबकडीपेक्षा खूप मंद असतात, म्हणून त्यांच्यासाठी वेगळं, लांब एक्स्पोजर घेऊन दोन्ही चित्रं नंतर जोडतात.

उपकरणापेक्षाही जागा आणि वेळ महत्त्वाची. सकाळी सूर्य जरा वर आल्यावर आणि जमीन तापण्याआधी एक बरा काळ मिळतो. सिमेंटची गच्ची, पत्र्याचं छप्पर, डांबरी रस्ता यांच्यावरून बघणं टाळावं. गवत किंवा पाण्यावरची हवा शांत असते. मोठी दुर्बीण तापलेल्या गच्चीवर लावण्यापेक्षा लहान दुर्बीण हिरवळीवर लावलेली मी केव्हाही पसंत करीन.

नंतर येते ती प्रक्रिया, आणि तिथे हात आवरावा लागतो. रेखीवपणा वाढवणारी सॉफ्टवेअरची पट्टी सरकवत नेली की तंतू उठून येतात. आणखी सरकवली की असे तंतू येतात जे सूर्यावर नव्हतेच. शंका आली तर दहा मिनिटांच्या अंतराने घेतलेले दोन व्हिडिओ वेगवेगळे तयार करून बघा. खरा तपशील दोन्हींत सापडतो. रंगाचंही स्पष्ट सांगायला हवं. कॅमेऱ्यातून येतं ते करड्या छटांचं चित्र. सोनेरी, नारिंगी, शेंदरी हे सगळं नंतर चढवलेलं असतं. काही जण तबकडीचे काळे-पांढरे उलटे करतात, त्यामुळे तंतूंना उठाव येतो. यात फसवणूक नाही, पण चित्राखाली तसं लिहिलेलं असावं.

गेल्या काही वर्षांत एक जुनी वाट पुन्हा खुली झाली आहे, आणि तिने इथवरचं सगळं उलटंपालटं केलं. १८९० च्या दशकात अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ हेल यांनी स्पेक्ट्रोहेलिओग्राफ वापरात आणला. सूर्याची प्रतिमा एका बारीक फटीवर पाडायची, फटीतून आलेल्या उभ्या कापाचा वर्णपट करायचा, त्यातली हवी ती रेषा टिपायची आणि सूर्य फटीवरून सरकत जाईल तसतसे काप जोडून पूर्ण चित्र तयार करायचं. एके काळी हे वेधशाळेचं काम होतं. फ्रान्समधले हौशी खगोलनिरीक्षक क्रिस्तियाँ ब्यूइल यांनी सोलेक्स नावाची याची छोटी आवृत्ती तयार केली आणि आराखडे सर्वांसाठी खुले ठेवले. त्रिमितीय छपाई यंत्रावर तिचं कवच छापता येतं. आत फट, दोन भिंगं आणि प्रकाशाचे रंग वेगळे करणारी, मिलिमीटरला २४०० रेषांची जाळी. महागडा एटालॉन नाही. दुर्बीण स्थिर ठेवली तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे सूर्य दोनेक मिनिटांत आपोआप फटीवरून सरकतो. कापही नेहमीच्या एटालॉनपेक्षा पातळ मिळतो.

इथे प्रकाश टाकून देण्याचा निर्णय पुढे ढकलता येतो. त्या दोन मिनिटांच्या व्हिडिओत रेषेच्या आजूबाजूच्या सगळ्या तरंगलांब्या नोंदलेल्या असतात. संध्याकाळी घरी बसून रेषेच्या मध्याचा सूर्य काढा, अर्धा अँगस्ट्रॉम निळ्या बाजूचा काढा, लाल बाजूचा काढा, दोघांची वजाबाकी करून कुठे काय वर येतंय आणि कुठे खाली जातंय याचा नकाशा काढा. जाळी जरा फिरवली की सोडियम, आणखी फिरवली की कॅल्शियम. ५८७६ अँगस्ट्रॉमवर थांबलात तर तबकडीवर फारसं काही दिसत नाही, पण कडेला प्रॉमिनन्स उजळतात. ही ती पिवळी रेषा, जी १८६८ साली सोडियमच्या रेषांशी जुळेना आणि पृथ्वीवरच्या कोणत्याच माहीत मूलद्रव्याशी तिचा मेळ बसेना. तिच्या मालकाला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हटलं गेलं, आणि तो पृथ्वीवर हाती लागायला १८९५ साल उजाडलं.